नोबेल कुणाला, यापेक्षा कशाला ते बघा

नोबेलला मिळणारा मान अजून योग्य आहे का, हा प्रश्न एका शोधावरून तपासून बघता येतो. गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाश-काळात उठणारा तरंग, पहिल्यांदा पकडली गेली ती १४ सप्टेंबर २०१५ला. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे अशा लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाची दोन उपकरणं आहेत, प्रत्येकाच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या. त्या लहरीनं भुजांच्या लांबीत पाडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. तपासण्या करून ११ फेब्रुवारी २०१६ला घोषणा झाली. शोधनिबंधावर हजाराहून अधिक नावं होती. त्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संशोधकही होते. गोंगाटातून ओळखीच्या आकाराची लहर वेगळी कशी काढायची, यावर संजीव धुरंधर तिथे १९९०च्या दशकापासून काम करत होते.

२०१७चं भौतिकशास्त्राचं नोबेल मात्र तिघांना मिळालं. अर्धी रक्कम रायनर वाइस यांना, पाव-पाव बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना. वाइस आणि थॉर्न यांच्यासोबतचे लायगोचे तिसरे संस्थापक रोनाल्ड ड्रेव्हर त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते, आणि मरणोत्तर पारितोषिक देत नाहीत. नामांकनाची मुदत ३१ जानेवारीला संपते. लायगोची घोषणा २०१६च्या मुदतीनंतर अकरा दिवसांनी झाली, म्हणजे ड्रेव्हर हयात असतानाचं ते वर्ष हातचं गेलं. ड्रेव्हर असते तरी प्रश्न सुटला नसता, कारण एक पारितोषिक जास्तीत जास्त तिघांनाच देता येतं. चौघांतला एक बाहेरच राहिला असता.

नोबेलचा मान अजून योग्य आहे का, याचं उत्तर मला इथेच दोन भागांत सापडतं. शोध निवडण्यात नोबेल आजही भक्कम आहे, माणसं निवडण्यात नाही.

भक्कम का, ते पद्धतीत दिसतं. सप्टेंबरात निवडक प्राध्यापक, भौतिक आणि रसायनशास्त्राची पारितोषिकं देणाऱ्या स्वीडनच्या विज्ञान अकादमीचे सदस्य, आधीचे विजेते अशांना नामांकनाची पत्रं जातात. स्वतःचं नाव स्वतः सुचवलं तर ते बाद. मार्चपासून बाहेरच्या तज्ज्ञांची मतं घेतली जातात, उन्हाळ्यात समितीचा अहवाल तयार होतो आणि ऑक्टोबरात अकादमी मतदान करते. कागदपत्रं ५० वर्षं बंद राहतात. त्यामुळे सल्लागार मोकळेपणानं लिहू शकतात, पण चूक झाली तर ती कळायला अर्धं शतक जातं. अणुविखंडनासाठी १९४४चं रसायनशास्त्राचं पारितोषिक एकट्या ऑटो हान यांना दिलं गेलं. या कामातल्या त्यांच्या सहकारी लिझ माइटनर यांचं नाव चाळीसहून अधिक वेळा सुचवलं गेलं होतं, हे नामांकनांच्या नोंदी खुल्या झाल्यावर आकड्यानिशी समोर आलं.

मृत्युपत्रात आल्फ्रेड नोबेल यांनी मागच्या वर्षातल्या कामाला पारितोषिक द्यावं असं लिहिलं होतं. ते शब्दशः पाळणं धोक्याचं आहे. १९२६चं वैद्यकाचं पारितोषिक योहानेस फिबिगर यांना कृमींमुळे कर्करोग होतो या निष्कर्षासाठी मिळालं, आणि तो निष्कर्ष पुढे टिकला नाही. म्हणून थांबणं रास्तच. पण थांबायचं आणि मृतांनाही वगळायचं, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की माणसं सुटतात. मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं हे सांगणाऱ्या हिग्ज यंत्रणेवरचं काम १९६४चं, त्यात सहा जण. त्या कामातून भाकीत केलेला हिग्ज कण सापडला २०१२मध्ये. सहांपैकी रॉबर्ट ब्राउट २०११मध्येच गेले होते. २०१३मध्ये पारितोषिक पीटर हिग्ज आणि फ्रान्स्वा आंग्लेर या दोघांना मिळालं.

तिघांची मर्यादा मृत्युपत्रात नाही, ती नियमावलीत आहे. त्याच नियमावलीनुसार एखाद्या संस्थेला पारितोषिक द्यायचं की नाही, हे देणाऱ्या मंडळानं ठरवायचं आहे. शांततेचं नोबेल रेडक्रॉसला तीनदा मिळालं. विज्ञान अकादमीनं ही वाट वापरलेली नाही, आणि तिनं ती वापरायला हवी. ते जमणारं काम आहे: ब्रेकथ्रू या विज्ञानातल्या दुसऱ्या एका पुरस्काराच्या २०१६च्या विशेष पारितोषिकाच्या ३० लाख डॉलरपैकी १० लाख लायगोच्या तीन संस्थापकांना आणि उरलेले २० लाख १,०१२ जणांना सारखे वाटले गेले. प्रत्येकाच्या वाट्याला दोन हजार डॉलरांहून थोडे कमीच आले, पण नाव आलं.

तोवर नोबेलची बातमी वाचताना आधी ‘कशासाठी’ हे एका वाक्यात दिलेलं असतं ते वाचावं, मग रक्कम कशी वाटली ते. एका पारितोषिकात जास्तीत जास्त दोन कामं बसतात. अर्धं-अर्धं दिसलं की ती दोन वेगळी कामं आहेत का, ते तपासावं. मग मूळ शोधनिबंधाची लेखकयादी उघडावी.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाला केंद्र सरकारनं एप्रिल २०२३मध्ये मंजुरी दिली. तिथल्या भुजाही चार किलोमीटरच्या असतील, आणि तिथून येणाऱ्या शोधांच्या लेखकयाद्याही अशाच लांबलचक असतील.