टायगर मॉथ, नोंद ७ : सरस सुटला

पावसाळ्याआधी काकांचा मॉथ (टायगर मॉथ या दुपंखी विमानाचं त्यांनी केलेलं मॉडेल) उडवायचा, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ते आता रद्द. रविवारी खालच्या डाव्या पंखावर मढवलेलं रेशीम मुळाशी चार बोटं सोडवलं आणि दुसरी रिब (पंखाला आकार देणारी पट्टी) नुसत्या धक्क्याने स्पारपासून, म्हणजे पंखाच्या मुख्य दांड्यापासून, सुटून हातात आली. सांध्यात सरसाची पिवळी भुकटी. नखाने टिचक्या मारत टोकापर्यंत गेलो. अकरा रिबांपैकी सहांचा आवाज बद्द येतोय.

मॉथला एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या झडपा, फक्त खालच्या पंखांना असतात हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे वळताना सगळा पीळ याच सांध्यांवर. हे असं उडवणं शक्य नाही.

बाल्साचं लाकूड मात्र शाबूत आहे. इतका हलका, सरळ रेषांचा बाल्सा हल्ली पैसे टाकूनही मिळत नाही. परवा ऑनलाइन मागवलेल्या एकाच गठ्ठ्यात एक पट्टी पिसासारखी, तर दुसरी पाटासारखी निघाली. माझं मत आता पक्कं झालंय : पट्टी हातात तोलून बघू देईल त्याच दुकानातून बाल्सा घ्यावा.

पहिला विचार तुमच्याही मनात आला असेल. रेशीम सगळं काढायचं, सांधे इपॉक्सीने धरायचे, वरून प्लास्टिकची फिल्म इस्त्रीने चिकटवायची. मी कटर हातात घेतलाही होता. मग पंखात टॉर्च मारला. प्रत्येक रिबवर काकांचे पेन्सिलीचे आकडे आणि तिसरीवर ‘परत घास’ असं लिहून खाली रेघ. काका हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. १९७४ मध्ये क्वार्टरमध्ये रात्री बसून त्यांनी हा १/६ मॉथ केला. जुना सरस घासून काढल्याशिवाय इपॉक्सी धरणार नाही, आणि घासलं की त्यांचं अक्षर गेलं. सुटलेल्या रिबच्या टोकाला पातळ सीए (सुपरग्लू) सोडून पाहिला. भुकटीचा दगड झाला, पण लाकूड धरलं नाही.

मोठ्या विमानांचा पेचही हाच आहे. दुसऱ्या महायुद्धातली मॉस्किटो घ्या. मॉथच्याच डी हॅविलंड कंपनीची, तीही लाकडाची. १९४४ च्या अखेरीस भारतात तिचे सांधे सुटण्याच्या तक्रारी आल्या, अपघात झाले, विमानं जमिनीवर बसवावी लागली. दमट हवेवर ठपका आला आणि कारखान्यातल्या जोडणीवरही. न्यूझीलंडच्या आर्डमोरला २०१२ मध्ये केए ११४ क्रमांकाची मॉस्किटो पुन्हा उडाली, पण तिचं लाकूड सगळं नव्याने घडवलेलं. उलट पहिला प्रोटोटाइप डब्ल्यू ४०५० लंडन कोल्नीच्या संग्रहालयात जमिनीवरच आहे. त्याचं धड चाचण्यांच्या काळातच, १९४१ मध्ये, बदललं होतं. पण लाकूड त्या वेळच्या सुतारांच्या हातचं. उडणारी मॉस्किटो आवाज देते, उभी असलेली घडवणाऱ्यांचा हात दाखवते. आपल्या हवाई दलाचं जुनं मालवाहू विमान, परशुराम डकोटासुद्धा शेपटीवर व्हीपी ९०५ हा १९४७ च्या श्रीनगर मोहिमेतल्या दुसऱ्याच डकोटाचा क्रमांक घेऊन उडतं. त्यात मला काहीच खोटं वाटत नाही, कारण मूळ व्हीपी ९०५ कापून ते तयार केलेलं नाही.

आता गोड बातमी. मॉथचं जाम झालेलं इंजिन मोकळं झालं! इंधनातलं एरंडेल आत लाखेसारखं बसलं होतं. तुमच्यापैकी एकाने सुचवल्याप्रमाणे उघड्यावर, टाकाऊ पातेल्यात, कूलंटमध्ये मंद आचेवर ठेवलं. पाचव्या तासाला शाफ्ट हाताने फिरला. बेअरिंग नवी, ग्लो प्लग नवा, आणि काकूंच्या अंगणात बेंचवर तिसऱ्या फटक्याला सुरू. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. ‘‘अरे, हा ह्यांच्याच इंजिनाचा आवाज ना?’’ म्हणाल्या आणि टाकी संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

म्हणून ठरवलं : जुना मॉथ ठेवायचा, त्याचा जुळा बांधायचा आणि काकांचं इंजिन जुळ्यात घालायचं. जुन्याच्या नाकात तेवढ्याच वजनाचा लाकडी ठोकळा, म्हणजे सीजी (गुरुत्वमध्य) काकांनी ठेवला होता तिथेच राहील.

हे लिहितानाच एक सुचलं. सुटलेल्या रिबा इपॉक्सीऐवजी सरसानेच का चिकटवू नयेत? जुना सरस कोमट पाण्याच्या बोळ्याने निघतो, पॉलिश पेपर लागत नाही, आणि पेन्सिल पाण्याने जात नाही. उद्या कुणाला माझं काम सोडवून पाहायचं असेल तर तेही जमेल. उडवायचंच नाही, तेव्हा तेवढी ताकद पुरे. बोहरी आळीतून पाव किलो खडे आणलेत, रात्री भिजत घालतो. आधी सुटलेल्या दुसऱ्या रिबवर.

जुळ्याच्या रिबांचं ट्रेसिंग सुरू केलंय. तिसऱ्या रिबपाशी अडलोय : काकांनी घासल्यानंतरचा आकार घ्यायचा, की त्यांच्या ड्रॉइंगमधला? दोन्हींत जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक आहे. ज्यांनी मॉथ उडवलाय त्यांनी सांगा.