वीस हजार पेशंट आणि एक स्वस्त सलाईन

हार्ट अटॅकच्या ट्रायल्सचा, म्हणजे पेशंटवर उपचार तपासून बघणाऱ्या चाचण्यांचा, विषय निघाला की मला सगळ्यात आधी आठवते ती ग्लुकोज, इन्सुलिन आणि पोटॅशियमची सलाईन. तिन्ही गोष्टी स्वस्त, जुन्या, साध्या सरकारी दवाखान्यातही सापडतील अशा. आणि १९९७ मध्ये नऊ छोट्या ट्रायल्सचे आकडे एकत्र केले तेव्हा दिसलं काय, तर हिने मृत्यू २८ टक्क्यांनी कमी होतात! जिथून कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) गाठायला तीन-चार तास लागतात तिथल्या पेशंटसाठी हे केवढं मोठं झालं असतं. पण नऊही ट्रायल्सचे मिळून पेशंट किती, तर १,९३२.

मग हीच सलाईन तपासायला क्रिएट-एक्ला नावाची मोठी ट्रायल झाली. भारत, चीन आणि इतर देश मिळून ४७० हॉस्पिटलं, २०,२०१ पेशंट, निम्म्यांना नेहमीची ट्रीटमेंट आणि निम्म्यांना त्यासोबत २४ तास ही सलाईन. २००५ मध्ये निकाल आला, ३० दिवसांत सलाईनवाल्यांपैकी १०.० टक्के गेले, बाकीच्यांपैकी ९.७. फायदा शून्य. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण नाहीतर अजूनही रात्रपाळीच्या एकट्या सिस्टर चाळीस पेशंटच्या वॉर्डात ती सलाईन आणि दर थोड्या वेळाने शुगर बघत बसल्या असत्या, आणि त्यातून कुणाचंच काही भलं झालं नसतं.

एवढे पेशंट कशाला, असं लोक विचारतात. अहो, फरकच बारीक असतो! चीनमधली कमिट ट्रायल बघा, १,२५० हॉस्पिटलं, ४५,८५२ पेशंट. ॲस्पिरिनला क्लोपिडोग्रेलची (रक्ताची गुठळी होऊ न देणारं आणखी एक औषध) जोड दिली तर मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा स्ट्रोक हे सगळं धरून १०.१ टक्क्यांचं ९.२ झालं, म्हणजे हजारात नऊ जण. दोनशे-चारशे पेशंटमध्ये हे दिसणारच नाही. त्याच पेशंटमध्ये मेटोप्रोलॉल हे हृदयाचे ठोके कमी करणारं औषधही तपासलं, त्याने पुन्हा येणारे अटॅक कमी झाले पण शॉकमध्ये (हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही अशा अवस्थेत) जाणारे वाढले, मृत्यू होते तेवढेच राहिले.

आणि एवढं मोठं करायचं तर साधं ठेवावंच लागतं. मूळ केरळचे हृदयरोगतज्ज्ञ सलीम यूसुफ यांनी कॉलिन्स आणि पेटो या संशोधकांबरोबर १९८४ मध्येच हे मांडलं होतं. मी एका छोट्या शहरात ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून काम केलंय, तिथे हे रोज पटायचं. डॉक्टरकडे एका पेशंटला दहा मिनिटं नसतात, त्यात चाळीस पानी फॉर्म कोण भरणार? कन्सेंट (ट्रायलसाठी संमती) घ्यायला गेलं की पेशंट म्हणणार "मुलगा येऊ दे", मुलगा येतो तो विचारतो "आमच्यावर प्रयोग करताय का?", त्याला नीट बसून समजवावं लागतं, घाई करून चालत नाही, आणि तिकडे छातीत दुखणं चालूच. पण खरी कसोटी तिसाव्या दिवशी. फोन बंद, माणूस ऊसतोडीला गेलेला, नंबर शेजाऱ्याचा. तो जिवंत आहे की नाही एवढं एकच उत्तर हवं असतं, आणि ते हरवलं तर बाकी सगळे आकडे कितीही सुंदर असले तरी काय उपयोग.

क्रिएट रजिस्ट्रीत, म्हणजे भारतातल्या ८९ केंद्रांच्या २०,४६८ पेशंटच्या नोंदीत (२००८), मोठ्या अटॅकवाले निम्मे पेशंट हॉस्पिटलला पोचेपर्यंत सहा तास उलटून गेले होते. ३० दिवसांत गरिबांतले ८.२ टक्के गेले, श्रीमंतांतले ५.५. मिळालेल्या ट्रीटमेंटमधला फरक हिशेबात घेतला तर ही दरी उरतच नव्हती! हे वाचून मला आजही राग येतो.

म्हणूनच केरळची एसीएस क्विक ही ट्रायल मला जवळची वाटते. ६३ हॉस्पिटलं, २१,३७४ पेशंट, नवं औषध काहीच नाही, फक्त चेकलिस्ट, आपल्याच कामाचे आकडे दर महिन्याला बघणं असलं साधं. मृत्यू, पुन्हा अटॅक वगैरे ६.४ वरून ५.३ टक्क्यांवर आले, पण काळाबरोबर होणारी सुधारणा वजा केल्यावर चेकलिस्टचा वेगळा फायदा सिद्ध झाला नाही. माझं म्हणणं एवढंच, केरळची हॉस्पिटलं आधीच बरी होती. हेच गडचिरोली, नंदुरबार, बीडमध्ये करून बघायला हवं, आणि तेही दोन-तीनशे पेशंटवर भागवू नये.