हनिमूनला कुठं? अकलूजला!

सोलापुरात कुणी "हनिमूनला कुठं चाललाव?" विचारलं आणि तुम्ही "अकलूजला" म्हणालात, की समोरचा आधी हसतो आणि मग गंभीरपणे विचारतो, "तिथं कुणाचं लग्न आहे?"

ठरलं होतं नाशिक. मळ्यातली, खिडकीतून वेली दिसणारी खोलीसुद्धा बघून ठेवली होती. पण नवरा बँकेत, आणि फेब्रुवारी लागला की बँकेत मार्च एंडचं वारं सुरू होतं. चार दिवसांची रजा दोनवर आली. नाशिकला जायलाच दिवस जाणार, यायला दुसरा. शेवटी त्याच्याच ऑफिसातल्या एकानं सांगितलं, "वाईनच बघायची तर नाशिक कशाला? आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात, मोटेवाडीला फ्रातेल्लीची वायनरी आहे की." फोन करून दुसऱ्या दिवशीची सकाळची वेळ घेतली, अकलूजला लॉजची खोली ठरवली आणि दिरांची वॅगन-आर मागितली.

सासूबाई माळकरी. त्यांना आम्ही "द्राक्षाचे मळे बघून येतो" एवढंच सांगितलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. त्यांनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा बांधून दिला.

खरी अडचण वेगळीच होती. ठरवून झालेलं लग्न, त्याला अकरा दिवस झालेले. घरात सगळ्यांसमोर मी "अहो" म्हणायची. एकट्यात काय म्हणायचं हे दोघांपैकी कुणीच काढलं नव्हतं. त्यामुळे मी अकरा दिवस कर्त्याशिवाय बोलत होते. "पाणी हवंय का?" "इकडून वळायचं का?" आपल्या भाषेत हे किती दिवस निभावतं, हे नव्या नवरीला विचारा.

मोहोळच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतील म्हणून त्यानं मंगळवेढ्याकडची वाट धरली. बेगमपूरच्या पुढं भीमा दिसली, काठावर देऊळ आणि तटबंदी. मी म्हणाले, "नदी छान दिसतीये." तो म्हणाला, "हं." गाडी पुढं. दोन किलोमीटर गेल्यावर त्यानं विचारलं, "थांबायचं होतं का?"

"हो."

गाडी वळवली आणि त्यानं तिथंच नियम केला. "सरळ 'थांबव' म्हणायचं. तू 'थांबवता का जरा' म्हणेपर्यंत गाव मागं पडतंय."

ते माचणूर. सिद्धेश्वराचं देऊळ, पायऱ्या उतरत गेलं की भीमेचं पाणी, आणि शेजारी औरंगजेबाचा किल्ला. 1695 ते 1699 अशी चार वर्षं त्याची छावणी या भागात, ब्रह्मपुरीला होती. दख्खन जिंकायला निघालेला बादशहा चार वर्षं इथं मुक्कामाला, आणि आम्ही सोलापूरकर जेमतेम तासाभरावर असून एकदाही आलेलो नाही. घाटावर बसून निम्म्या भाकऱ्या तिथंच संपवल्या.

मंगळवेढ्याला थांबायचं कारण नव्हतं, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मालदांडीची ताटं वाऱ्यावर नुसती सळसळत होती. या ज्वारीला आता भौगोलिक मानांकन आहे. हुरडा संपत आला होता, तरी एका वस्तीवर मिळाला. पुढं गेलो.

पंढरपूरच्या अलीकडे, कासेगावच्या बाजूला, मात्र मी पहिल्यांदा नीट म्हणाले, "थांबव!" इतक्या जोरात, की त्यानं कचकन ब्रेक मारला. शेतात हिरव्या जाळीचं लांबलचक शेड होतं आणि आत मजल्यावर मजले करून द्राक्षं पसरलेली. बेदाणा मी आयुष्यभर शिऱ्यात पाहिला, तो होतो कसा हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शेडवरच्या काकांनी न विचारता सगळं दाखवलं. घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सुटतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. मग जाळ्यांवर पातळ पसरायचं. उन्हात नाही, सावलीत, पण वारा खेळता पाहिजे. बारा ते पंधरा दिवस लागतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. मी विचारलं, मधेच पाऊस आला तर? काका नुसते वर आभाळाकडं बघून म्हणाले, "मग आमचं तोंड वाळतंय, माल नाही." कुठं चाललाव विचारल्यावर नवऱ्यानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं. काकांना काहीच वाटलं नाही. "तिथलं द्राक्ष एक तोंडात टाकून बघा," म्हणाले. दोन किलो बेदाणा घेतला.

पंढरपुरात दर्शनाची रांग बघून कळसाला हात जोडले, नामदेव पायरीशी चोखोबांच्या समाधीपुढं टेकलो आणि निघालो. गंमत म्हणजे इथून पुढचा रस्ता ज्ञानेश्वरांच्या पालखीचा. वाखरी, भंडीशेगाव, वेळापूर. माऊली ज्या वाटेनं पंढरीला येतात त्याच वाटेनं आम्ही उलटे, वाईनकडे. डब्याचं दही मांडीवर घेऊन मला उगीच सासूबाई आठवत होत्या.

वेळापूरला त्यानंच गाडी थांबवली. अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ. मावळतीचं ऊन दगडावर आलेलं, आवारात शुकशुकाट. पायरीशी बसलेल्या एका आजींनी माझ्या हातातला हिरवा चुडा पाहिला आणि फर्मान सोडलं, "नवी जोडी व्हय? नाव घे."

ज्या माणसाला काय हाक मारायची हेच मला ठाऊक नाही, त्याचं नाव घ्यायचं! पण आजी सोडेनात. मग सुचलं ते म्हणाले: "भीमेच्या काठावर चुकला पहिला फाटा, अमुकरावांच्या संगतीनं सोप्या सगळ्या वाटा." आजी खूश. अमुकराव कानापर्यंत लाल.

सकाळी मोटेवाडी. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांतल्या भावांनी उभा केलेला हा कारभार. फ्रान्सहून आणलेली रोपं माळशिरसच्या मुरमाड रानात लावली. सोलापूर म्हटलं की दुष्काळ, चादर आणि चटणी एवढंच ऐकत वाढलेल्या मला त्या हिरव्या रांगा बघून जरा अभिमानच वाटला, उगीच लपवत नाही.

काकांचं ऐकून एक मणी तोंडात टाकला. बारीक, जाड सालीचा, आत बियाच बिया, आणि गोड म्हणजे खाण्याच्या द्राक्षापेक्षा गोड. ती साखरच पुढं आंबून दारू होते. आणखी एक कळलं. काळ्या द्राक्षाचा रससुद्धा आत जवळजवळ बिनरंगाचाच असतो. रस सालीसकट आंबवला की रेड, साल आधीच काढून टाकली की व्हाइट. युरोपात वेली थंडीत झोपतात, आपल्याकडे झोपतच नाहीत, म्हणून त्यांना वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलच्या आसपास एकदा आणि पावसाळा सरल्यावर फळासाठी.

मग चव घेण्याचा कार्यक्रम. आधी पेला पांढऱ्या कागदापुढं धरून रंग बघायचा, मग पेला गोल फिरवायचा, मग वास, मग घोट. घोट जिभेवर फिरवून थुंकलं तरी चालतं, त्याला भांडं ठेवलेलं असतं. गाडी चालवायची म्हणून नवऱ्यानं सगळे घोट भांड्यात टाकले. माझ्यावर कसलीच जबाबदारी नव्हती.

शेनिन ब्लां ही व्हाइट, पहिल्या घोटाला कैरीच्या पन्ह्यासारखी लागली, गूळ विसरलेल्या. सांजोवेझे या रेडनं जिभेला कच्च्या सुपारीसारखी कोरड आणली. दुसरे लोक चेरी, ओक असं काय काय म्हणत होते. चेरी मी फक्त केकवर पाहिलेली, त्यामुळे गप्प बसले. माझं प्रामाणिक मत: रेड मला आवडली नाही. शेनिन मात्र पुढच्या घोटांना सुधारत गेली. बाहेर गाडीत येऊन तोंडात शेंगाचटणीची चिमूट टाकली, तेव्हा वाटलं, हे दोघं एका ताटात हवे होते.

एक बाटली घेतली, चादरीत गुंडाळून डिकीत ठेवली. आणि मी बडबडायला लागले. अकलूज ओलांडेपर्यंत मी त्याला किमान पन्नास वेळा "तू" म्हणाले असेन. तो मोजत होता, नंतर सांगितलं.

परतताना टेंभुर्णीकडे निघालो, तर वाटेत नीरा नरसिंहपूरची पाटी. "आमचं कुलदैवत," तो म्हणाला, आणि गाडी वळवलीच. मी आदल्या दिवशीची साडी नेसून आत गेले. लक्ष्मी-नृसिंहाला जोडीनं नमस्कार केला, मागं जाऊन नीरा-भीमेचा संगम पाहिला आणि रात्री नऊला सोलापुरात.

सासूबाईंच्या हातात बेदाणा दिला. डिकीतली बाटली दिरांनीच वर आणली, मध्ये उभं राहून विचारलं, "हे काय?" मी श्वास रोखला. सासूबाईंनी चादर थोडी बाजूला केली, बाटली पाहिली, परत झाकली. "द्राक्षाचीच ना? असू दे तुमच्या खोलीत." मग त्यांना पिशवीत नरसिंहपूरचा अंगारा दिसला.

"कुलदैवताला गेलात? माझ्याशिवाय? ओटी न भरता?"

वाईनचं काही नाही. अंगाऱ्यावरून घरात दोन दिवस अबोला.

पुढच्या रविवारी पुन्हा निघालो. सासूबाई पुढच्या सीटवर, खण-नारळाची पिशवी मांडीवर घेऊन मी मागं. मोहोळच्या पुढं उजव्या हाताला शेतात हिरव्या जाळीचं एक शेड दिसलं, कासेगावच्यापेक्षा मोठं. मी पुढं वाकून म्हणाले, "अहो, थांबवता का जरा?"

वाक्य संपेपर्यंत ते मागं पडलं.