तुम्ही विचारलंत म्हणून: त्या टेक्निक्स खरंच वापरता का?

कोड अडकला की तुम्ही कागद-पेन घेऊन बसता, ते क्रिएटिव्ह थिंकिंगचे प्रकार खरंच उपयोगी पडतात का, असं मला दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा जरा हसत. तर हो, पडतात, पण सगळे नाही, आणि आयडिया सुचाव्यात म्हणून तर मी ते वापरतच नाही. आपण प्रॉब्लेम ज्या शब्दांत धरून बसलेलो असतो ते शब्द सुटावेत म्हणून वापरते.

एक रिपोर्ट उघडायला 40 सेकंद घ्यायचा. कॅशिंग लावलं, म्हणजे एकदा काढलेलं उत्तर साठवून तेच परत दाखवलं, तर आकडे शिळे, काढलं तर परत 40 सेकंद, आणि आठवडाभर टीममध्ये वाद एवढाच की कॅशिंग पाच मिनिटांचं ठेवायचं की दहा. शेवटी ट्रिझ काढलं. सोव्हिएत युनियनमधल्या गेनरिख आल्टशुलरने 1946 पासून ढीगभर पेटंट चाळून बसवलेली ही पद्धत, तिच्यात 40 तत्त्वं आहेत, पण मला भावते ती त्यातली विरोध सरळ लिहून काढायची सवय. लिहिलं, "आकडे ताजेही हवेत आणि आधीच तयारही हवेत." आता मधला मार्ग काढायचा नाही, विचारायचं की दोन्ही सगळ्याच डेटाला हवंय का? नव्हतंच की! ताजे हवे होते फक्त आजचे. मग कालपर्यंतच्या बेरजा रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबने करून ठेवल्या, आजचा दिवस तेवढा लाइव्ह काढला, दोन्ही जोडलं, दोन सेकंदांत रिपोर्ट. (जुनी ऑर्डर कॅन्सल झाली की तो दिवस परत मोजावा लागतो, ही कटकट नंतर कळली.) "आधीच करून ठेवा" हे त्या 40 मधलं दहावं तत्त्व, पण नुसती यादी वाचून मला ते सुचलं नसतं.

एडवर्ड डी बोनोच्या सहा टोप्यांपैकी (एकेक टोपी म्हणजे विचार करायची एकेक पद्धत) मी फक्त काळी, म्हणजे धोके शोधायची, घेते, रिलीजच्या आदल्या दिवशी. अर्धा तास सगळ्यांनी चुकाच काढायच्या, म्हणजे एकट्यादुकट्याला निगेटिव्ह ठरायची भीती नाही.

आणि उलटा प्रश्न, हा माझा लाडका. एक स्क्रीन रखडत होती, तेव्हा विचारलं, ही अजून स्लो कशी करता येईल? एकजण म्हणाला, प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी (विचारणा) मारू. सगळे हसलो, मग कोणीतरी कोड उघडला, आणि तिथे नेमकं तेच चाललं होतं.