ग्रेट कार्सवरचं लोखंड

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधले पहिले दोन दिवस विंडरमिअरच्या गर्दीत आणि पार्किंग शोधण्यात गेले. लिहिण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी राइनोज खिंडीत गाडी लावून ग्रेट कार्स हा डोंगर चढायला घेतला. उंची ७८५ मीटर, आपल्या सिंहगडाहून कमी, म्हणून मी आधी जरा हसले होते. वर वारा लागल्यावर गप्प झाले.

माथ्याजवळ दगडांचा ढीग, त्यात लाकडी क्रूस आणि शेजारी गंजलेली लोखंडी चौकट. बसायला अगदी बेताची उंची. बसले, बुटाची नाडी सैल केली, डबा उघडला. ठेपल्याचा पहिला घास तोंडात होता तेवढ्यात नवरा म्हणाला, "अगं, ऊठ. विमानाच्या चाकांचा सांगाडा आहे तो." तो पाटीवरची नावं वाचत होता. आठ नावं.

२२ ऑक्टोबर १९४४. यॉर्कशरच्या टॉपक्लिफ तळावरून चार इंजिनांचं हॅलिफॅक्स हे बॉम्बफेकी विमान रात्री दिशा शोधायच्या सरावाला निघालं होतं. सात कॅनेडियन, एक स्कॉटिश. धुक्यात ते भरकटले. जमीन दिसतेय का बघायला विमान खाली घेतलं आणि मध्ये हा डोंगर आला. कोणी वाचलं नाही.

शाळेतल्या महायुद्धात बॉम्ब टाकणारे होते आणि बॉम्बखाली सापडलेले होते. सरावात गेलेले कुठे नव्हतेच. एकट्या ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलात, असे हजारो होते, हे मला चाळिशीत कळतंय.

एवढं मोठं धूड इथून खाली नेणार कसं? मग तोडून ब्रॉड स्लॅकच्या उतारावरून ढकलून दिलं; नाहीतर वरून जाणाऱ्या दुसऱ्या वैमानिकांना प्रत्येक वेळी नवाच अपघात झाल्यासारखं वाटलं असतं. त्याचं एक इंजिन कॉनिस्टनच्या रस्किन म्युझियमला आहे. चाकांचं लोखंड मात्र वरच राहिलं, माझ्यासारखीने बसायला.

मी हात लावून पाहिला. गंजाचे पोपडे बोटाला चिकटले. दगडांच्या फटीत, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी कोणीतरी खोचलेल्या कागदी पॉपीच्या फुलापाशी, ठेपल्याचे तुकडे सांडले होते. ते एकेक वेचून डब्यात टाकले. पुढे जेवणाचा विषय कोणीच काढला नाही.

उतरताना ढग आले. दहा पावलांपुढचं दिसेना. फोनवरचा निळा ठिपका बघत चाललो होतो, तरी वाट चुकलो आणि पाऊण तास जास्त लागला. नवऱ्याला अजून ते मान्य नाही. म्हणतो, चुकलो नाही, लांबून आलो.