कधी होणार, ते मी सांगू शकत नाही

८ ऑगस्ट २०२४ ला जपानजवळ ह्यूगा-नादा समुद्रात ७.१ चा भूकंप झाला आणि तिथल्या हवामान संस्थेने नानकाई खंदकाबाबत, म्हणजे जपानच्या दक्षिणेला समुद्रतळाची प्लेट जमिनीखाली शिरते त्या पट्ट्याबाबत, आठवडाभर सावध राहायला सांगितलं. तेव्हापासून मावशीपासून वर्गमैत्रिणींपर्यंत सगळ्यांचं एकच, "तू समुद्रतळाचा गाळच तपासतेस ना? मग पुढचा कधी, ते सांग की!"

नाही सांगता येत. ती सूचनाही आमच्या गाळावरून निघाली नव्हती; मोठ्या धक्क्यामागून आणखी मोठा येण्याची शक्यता थोडी वाढते, या जुन्या नोंदींवरून निघाली होती. "मग एवढा खर्च कशाला?" हा पुढचा प्रश्न. त्यात तथ्य आहे, म्हणून तर तो झोंबतो.

पुण्यात शिकताना मीच पेपरात लिहिलं होतं की अशा खंदकाजवळचा मऊ चिकणमातीचा भाग भूकंपात फारसा सामील होत नाही, वेग वाढला की उलट जास्त अडतो. मार्कही मिळाले. ११ मार्च २०११ ला जपानच्या ईशान्येला, तोहोकूच्या भूकंपात, नेमका तोच भाग सुमारे ५० मीटर सरकला. पुढच्या वर्षी चिक्यू या समुद्रतळ खोदणाऱ्या जहाजाने जवळपास ६,९०० मीटर पाण्याखाली, तळाच्याही खाली ८०० मीटरवर जाऊन त्या थराचा तुकडा वर आणला. थर पाच मीटरहून पातळ, आणि पाऊण हिश्श्याहून जास्त स्मेक्टाइट हे चिकणमातीचं खनिज. आमच्या परभणीकडे पावसात काळ्या रानातून चप्पल हातात घेऊन चालावं लागतं, त्या मातीतलं खनिज याच कुळातलं. भूकंपातल्यासारखं, सेकंदाला मीटरभर वेगाने घासलं की त्याचा घर्षणांक ०.१-०.२ वर येतो. साध्या खडकाचा ०.६ च्या पुढे असतो.

एकदा नानकाईचा एक तुकडा माझ्याकडे आला. नळीतून काढून तारेने तासला, खाली-वर सच्छिद्र दगड ठेवले, भोवती पातळ रबरी पिशवी, दोन्ही टोकांना ती घट्ट धरणारी रबरी कडी (ओ-रिंग), आणि सगळं पाण्याच्या दाबात. अशा मातीतून पाणी इतकं सावकाश निघतं की घाई केली तर आकडे खोटे येतात. आलेख सपाट होत आला होता. एका सकाळी बघते तर आतल्या पाण्याचा दाब बाहेरच्याइतकाच. म्हणजे पिशवीला भोक. उघडलं तर मातीतून ज्वालामुखीच्या राखेचा काचेसारखा कण टोक काढून बसलेला, रबर त्यानेच टोचलेलं. माती लिबलिबीत. तेवढ्या खोलीवरचा दुसरा तुकडा नव्हता. सर काही बोलले नाहीत. आलेखाची घडी घालून फाइलीत ठेवली. त्याच संध्याकाळी मावशीचा फोन, "काय गं, लागला का काही पत्ता?" मी तुटकपणे बोलून फोन ठेवला. तिचं काय चुकलं होतं?

मुठीत मावणाऱ्या मातीवरून शेकडो किलोमीटरच्या भेगेबद्दल काय बोलायचं, हे मीही स्वतःला विचारते. एकदा म्हणते, असे आकडे त्सुनामीच्या लाटेच्या गणितात जातात. लाट 'कधी' ते नाही, पण 'किती' मोठी, हे त्यातून थोडं कळतं. मग वाटतं, ही पळवाट आहे. खऱ्या प्लेटच्या वेगाने, म्हणजे दिवसाला पाव मिलिमीटरने, घासून बघितलं की तीच माती वेगळी वागते. मग खरी कुठली?

मावशी मुंबईत राहते. २८ नोव्हेंबर १९४५ च्या, पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची लाट तिच्या शहरापर्यंत पोचली होती, आणि त्या पट्ट्यात खाली शिरणारा गाळ काही ठिकाणी सात किलोमीटर जाड आहे. तो झटक्यात सरकेल की अडेल, हे विचारा. दुपारभर बोलेन. तारीख मात्र तेव्हाही सांगणार नाही.