भुईकाट्याचं वजन आणि सॉकेटपेअर

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की भुईकाट्यापुढं टेम्पोंची रांग लागते. तिथल्या एका काट्यासाठी मी लिनक्सवर सी भाषेत प्रोग्राम लिहिला. मूळ प्रोसेस म्हणजे पॅरेंट, तिनं सुरू केलेली दुसरी म्हणजे चाइल्ड. चाइल्ड सिरीयल केबलवरून वजन वाचणार, पॅरेंट पावती छापणार. काटा शून्यावर आणायचा हुकूम पॅरेंटकडून उलट जाणार होता, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारे पाइप घ्यायचे तर दोन. त्यापेक्षा सॉकेटपेअर, म्हणजे एकमेकांना आधीच जोडलेल्या दोन सॉकेटांची जोडी, बरा. दोन्ही टोकांवर लिहिताही येतं, वाचताही येतं. सर्व्हरच्या सॉकेटसारखं बाइंड, लिसन, अ‍ॅक्सेप्ट काही लागत नाही.

फोर्कच्या (चाइल्ड जन्माला घालणाऱ्या कॉलच्या) आधी एकच ओळ: सॉकेटपेअर(एएफ_युनिक्स, सॉक_स्ट्रीम, ०, टोक). जमलं तर ०, नाही तर उणे १. एएफ_आयनेट (इंटरनेटच्या सॉकेटचा प्रकार) देऊन बघू नका, लिनक्स ते इथं घेत नाही.

फोर्क झाला की दोन्ही टोकं दोघांकडेही उघडी असतात. पॅरेंटनं टोक[१] बंद करायचं, चाइल्डनं टोक[०]. पॅरेंटकडचं बंद करायचं मी विसरलो, तरी चाचणीत सगळं सुरळीत. काट्यावर केबल निसटली, चाइल्ड संपली आणि पॅरेंट गप्पच. एस-ट्रेस (प्रोग्रामचे सिस्टीम कॉल दाखवणारं साधन) लावला तर रीड(३ एवढ्यावरच अडकलेलं. त्या प्रोसेसच्या प्रॉक-एफडीमध्ये (उघड्या फायली-सॉकेटांच्या यादीत) पाहिलं, तर ३ आणि ४, म्हणजे टोक[०] आणि टोक[१], दोन्ही उघडे. समोरच्या टोकाची शेवटची प्रत बंद झाल्याशिवाय रीड ० (म्हणजे ‘आता काही येणार नाही’) देत नाही, आणि ती प्रत खुद्द पॅरेंटच्याच हातात!

दुसरी भानगड पावतीवर दिसली: ४५२०४४८० किलो. एवढं वजन कुठल्या टेम्पोचं? सॉक_स्ट्रीममध्ये निरोपांना हद्द नसते. ४५२० आणि ४४८० एकाच रीडमध्ये आले. त्याऐवजी सॉक_सेकपॅकेट केल्यावर प्रत्येक वजन सुटं यायला लागलं. मात्र वाचायचा बफर पुरेसा ठेवा, उरलेला तुकडा परत मिळत नाही.

सॉक_स्ट्रीमवर संपलेल्या चाइल्डला हुकूम पाठवला की सिगपाइप हा सिग्नल येतो आणि पॅरेंटही आडवी होते. म्हणून राइटऐवजी सेंड, सोबत सिग्नल नको म्हणणारा एमएसजी_नोसिग्नल. मग नुसती ईपाइप चूक हाती येते.

एवढं करूनही पॅरेंट बंद केली तरी चाइल्ड कधीकधी तशीच वाट पाहत बसायची. पॅरेंटनं छपाईसाठी एक्झेक केलेल्या (सुरू केलेल्या वेगळ्या) कमांडकडे टोक[०] ची प्रत गेलेली असायची, छपाई अडकली की टोकही उघडंच. सॉकेटपेअरच्या प्रकाराला सॉक_क्लोएक्झेक (एक्झेक होताच टोक आपोआप बंद) जोडलं, तेव्हा ते थांबलं.